पाषाणातील माता-पिता

बेल्जियम देशाच्या पश्चिम भागात व्लाड्स्लो नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावाबाहेर ओक वृक्षांच्या सावलीत एक दफनभूमी आहे. तेथे उंच मनोरे नाहीत, कमानी नाहीत, कोणाचे अश्वारूढ पुतळेही नाहीत. हिरवळीत सपाट बसविलेल्या चौकोनी शिळांच्या रांगा तेवढ्या दिसतात. प्रत्येक शिळेवर वीस-वीस नावे कोरलेली आहेत. १९१४ ते १९१८ ह्या काळात झालेल्या पहिल्या महायुद्धात मरण पावलेले २५,६४४ जर्मन सैनिक ह्या शिळांखाली चिरनिद्रा घेत आहेत.

ह्या दफनभूमीच्या टोकाशी दोन पाषाणमूर्ती आहेत. एक पुरुषाची, दुसरी स्त्रीची. दोघांनीही गुडघे टेकले आहेत. पुरुषाने आपले दोन्ही हात स्वतःच्याच छातीभोवती घट्ट आवळून धरले आहेत. थंडीने काकडणारा मनुष्य धरतो तसे. त्याची पाठ ताठ आहे आणि दृष्टी समोर खिळलेली आहे. स्त्री मात्र पार वाकून गेली आहे. अंगावरचे वस्त्र तिने हातांनी जवळ ओढून घेतले आहे आणि तिची मान खाली झुकली आहे. दोघे एकाच चौथऱ्यावर नाहीत. दोघांचे चौथरे वेगळे असून मध्ये मोकळी जागा आहे. ती एकमेकांकडे पाहत नाहीत, एकमेकांना स्पर्श करीत नाहीत.

ह्या मूर्ती कोणा देवदेवतेच्या नाहीत, की राजाराणीच्याही नाहीत. बर्लिन शहरात गोरगरिबांना औषधपाणी करणारे एक डॉक्टर आणि त्यांची पत्नी, एवढीच त्यांची ओळख. समोरच्या शिळांपैकी एकीवर त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव आहे. ह्या मूर्ती घडविल्या त्या मुलाच्या आईने. त्या पुऱ्या होण्यास तिला जवळजवळ अठरा वर्षे लागली.

तिचे नाव केटे कोल्विट्स. बाल्टिक समुद्राजवळच्या क्योनिग्सबर्ग नगरात ८ जुलै १८६७ रोजी तिचा जन्म झाला. ते नगर त्या वेळी प्रशियात होते. आज ते रशियात असून त्याला कालिनिनग्राड म्हणतात. वडील कायद्याचे शिक्षण घेतलेले, परंतु सरकारी चाकरी आपल्या विचारांना मानवणार नाही हे ओळखून त्यांनी घरे बांधण्याचा व्यवसाय पत्करला होता. मुलीच्या बोटांत चित्रकला आहे हे त्यांनी लहानपणीच हेरले. त्या काळी जर्मनीतील मोठ्या कलाशाळांची दारे मुलींना बंद होती. तरीही वडिलांनी तिला बर्लिन व म्यूनिक येथील स्त्रियांच्या कलाशाळांत पाठविले. मुलीने काय शिकावे हे शेजाऱ्यांना विचारून ठरविणाऱ्यांपैकी ते नव्हते.

१८९१ साली केटेबाईंचा विवाह डॉक्टर कार्ल कोल्विट्स ह्यांच्याशी झाला आणि दोघांनी बर्लिनच्या उत्तर भागातील कामगारवस्तीत बिऱ्हाड केले. त्याच घरात पुढे त्यांची पन्नास वर्षे गेली. डॉक्टरांकडे येणारे रोगी म्हणजे गिरण्या-कारखान्यांत राबणारी माणसे. दवाखान्यात बसलेल्या बायका कडेवरच्या मुलाचा ताप सांगता सांगता घरातल्या साऱ्या अडचणी सांगून टाकीत. केटेबाई त्यांचे ऐकत आणि त्यांचे चेहरे कागदावर उतरवीत. त्यांच्या चित्रांत फुलबागा नाहीत की नटलेल्या स्त्रिया नाहीत. थकलेले हात, खोल गेलेले डोळे, आईच्या कुशीतले रोगट मूल हेच त्यांचे विषय. विणकरांच्या उठावावर त्यांनी काढलेली चित्रमाला १८९८ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म ह्याने ती मानली नाही. पदक हुकले, पण देशभर नाव झाले.

हान्स आणि पेटर असे त्यांना दोन मुलगे. पेटरचा जन्म १८९६ सालचा. तो सात वर्षांचा असताना घडलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मेलेल्या मुलाला उराशी कवटाळून बसलेली आई, असे एक चित्र केटेबाईंच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी पेटरला मांडीवर घेतले, एका हाताने त्याला सावरून धरले आणि समोरच्या आरशात पाहून दुसऱ्या हाताने त्या रेखाटू लागल्या. मूल चांगलेच जड होते. फार वेळ तसे बसून त्यांचा हात भरून आला आणि नकळत त्या कण्हल्या. तेव्हा त्या मेलेल्या मुलाचे सोंग घेतलेल्या पेटरनेच आईला धीर दिला, की काळजी करू नकोस, हे चित्रही छान होईल! चित्र खरोखरच उत्तम झाले. ते १९०३ सालचे आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी काय होणार आहे, ह्याची त्या घरात कोणाला कल्पना असणार?

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्धाचा वणवा पेटला. पेटर तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि मित्रांबरोबर नॉर्वेत सुटीत भटकण्यास गेला होता. बातमी कळताच ती मुले परतली. बर्लिनच्या रस्त्यांवर तेव्हा बँड वाजत होते, सैनिकांवर फुले उधळली जात होती. युद्ध थोड्याच दिवसांत संपेल आणि आपण विजयी होऊन घरी येऊ, असे जो तो म्हणत होता. पेटरलाही स्वेच्छेने सैन्यात जावेसे वाटू लागले. परंतु एकवीस वर्षे पुरी न झालेल्या मुलाला त्यासाठी वडिलांची संमती लागे, आणि वडील संमती देण्यास तयार नव्हते.

१० ऑगस्टची संध्याकाळ. घरात बाप-लेकांचे बोलणे चालले होते. देशाला अजून तुझी गरज लागलेली नाही, लागली असती तर त्याने तुला बोलावलेच असते, असे डॉक्टर समजावीत होते. पेटर त्याला उत्तरे देत होता. अखेर शब्द संपले, तेव्हा त्याने मुकाट्याने आईकडे पाहिले. त्या पाहण्यात विनवणी होती. केटेबाई उठल्या आणि मुलाची बाजू घेऊन त्यांनी पतीची मनधरणी केली. डॉक्टरांनी संमती दिली.

आज आपण ह्या प्रसंगाकडे पाहतो तेव्हा केटेबाईंना दोष देणे फार सोपे आहे. दरिद्री घरांतील मातांचा शोक जिने जन्मभर चित्रांत रंगविला, तिनेच आपल्या मुलासाठी युद्धाचे दार उघडावे, हे चमत्कारिक वाटते. पण त्या दिवसांत तिथली बहुतेक शहाणीसुरती माणसे त्याच प्रवाहात वाहत होती. शिवाय मुलाच्या डोळ्यांतला उत्साह मोडून काढणे आईला किती कठीण जाते, हे आयांनाच ठाऊक. केटेबाईंनी मात्र ह्या सबबी पुढे करून स्वतःची सुटका करून घेतली नाही. ती संध्याकाळ त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवली, आणि म्हणूनच ती आपल्याला आज कळते.

दोन महिन्यांच्या लष्करी शिक्षणानंतर ऑक्टोबरच्या मध्यास पेटरची पलटण आघाडीवर निघाली. बेल्जियम हा लहानसा तटस्थ देश. जर्मन फौजांनी तो जवळजवळ सारा पादाक्रांत केला होता आणि आता एका चिंचोळ्या पट्ट्यासाठी डिक्समाइड गावाभोवती घनघोर लढाई चालली होती. अर्धवट शिकविलेली, मिसरूड न फुटलेली मुले तोफांच्या तोंडी दिली जात होती. २२ आणि २३ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री पेटर तेथे पडला. घर सोडून त्याला पुरता पंधरवडासुद्धा झाला नव्हता. सोबत्यांनी त्याला तेथेच मूठमाती दिली. तुमचा मुलगा धारातीर्थी पडला, ही वार्ता बर्लिनच्या घरी पोहोचली ती ३० ऑक्टोबर रोजी.

त्याच आठवड्यात, तेथून दक्षिणेस काही मैलांवर, फ्रान्समधील न्यव्ह-शापेल ह्या गावी पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्स दलाच्या तुकड्या जर्मनांशी हातघाईवर आल्या होत्या. इंग्रजांच्या वतीने लढणाऱ्या ह्या तुकड्यांत मराठी मुलखातले शिपाईही होते. २८ ऑक्टोबरच्या त्या लढाईत त्यांची फार मोठी हानी झाली. त्या गावी १९२७ साली उभारलेल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. आपल्या महाराष्ट्रातील कित्येक गावांतही, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेली एक संगमरवरी पाटी आढळते. ह्या गावातून महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच त्या पाटीवर लिहिलेले असते. बहुधा नावे नसतात, नुसता आकडा असतो. पण त्या आकड्यातील एकेक एकाचेही घर होते, आणि त्या घरातही कोणी आई दाराकडे डोळे लावून बसलेली होती.

केटेबाईंनी पेटरची खोली तो सोडून गेला तशीच ठेवली. त्याच्या बिछान्याजवळ त्या फुले ठेवीत, तेथे जाऊन बसत. आणि मुलगा गेल्याची वार्ता आल्यानंतर एका महिन्यातच, डिसेंबरच्या पहिल्या दिवशी, त्यांच्या मनात त्याचे स्मारक घडविण्याचा विचार आला. प्रथम योजलेले शिल्प अगदी वेगळे होते. मध्यभागी पेटरचा देह निजलेला, उशाशी वडील, पायथ्याशी आई. देशासाठी प्राण देणाऱ्या तरुणांचा गौरव त्यातून व्हावा, अशी त्यांची इच्छा होती.

त्या चिकणमातीत हे शिल्प घडवू लागल्या. चित्र काढण्यात त्यांचा हात तयार होता, शिल्पात तितका नव्हता. परंतु खरी अडचण हाताची नव्हती. एकेक वर्ष उलटत होते आणि मृतांची संख्या वाढतच होती. पेटरचे मित्रही एकामागून एक पडले. ह्या मुलांचे बलिदान थोर होते असे म्हणावे, तर ते कशासाठी, हा प्रश्न उभा राही. ते व्यर्थ गेले असे म्हणावे, तर मेलेल्या मुलाशी आपण प्रतारणा करतो असे वाटे. त्याची श्रद्धा खरी होती, आणि त्याच श्रद्धेला आपण हात दिला होता. अशा दुविधेत मूर्ती कशी पुरी व्हावी? केलेले मोडावे, पुन्हा घडवावे, असे वर्षानुवर्षे चालले.

ऑक्टोबर १९१८ मध्ये युद्ध हरण्याच्या बेतास आले असता रिखार्ड डेमेल नावाच्या प्रसिद्ध कवीने वृत्तपत्रातून आवाहन केले, की देशाची लाज राखण्यासाठी उरलेल्या सर्वांनी स्वेच्छेने रणात उतरावे. हा कवी नुसता बोलघेवडा नव्हता. पन्नाशी उलटल्यावर तो स्वतः सैन्यात गेला होता. त्याला जाहीर उत्तर देण्यास पुढे आल्या त्या केटेबाई. आता मरणे पुरे झाले, आणखी एकही मुलगा पडता कामा नये, असे त्यांनी लिहिले आणि महाकवी गटे ह्याच्या एका वचनाचा आधार घेतला. बियाण्यासाठी राखलेले धान्य जात्यात घालू नये, असा त्याचा आशय आहे.

हे वचन शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला समजावून सांगण्याची गरज नाही. दुष्काळात कणगीचा तळ दिसू लागतो, चुलीवर नुसते पाणी उकळते. तरीही घरातली म्हातारी आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या गाठोड्याला हात लावू देत नाही. ते दळले तर आजची भाकरी होईल, पण पुढच्या सालाची पेरणी कशाने करावी? अठरा-वीस वर्षांची मुले म्हणजे देशाचे बियाणे, आणि ते चार वर्षे जात्यात घातले जात होते. ज्या मातेने स्वतःच्या हातांनी त्यातली एक ओंजळ घातली होती, तिलाच हे म्हणण्याचा अधिकार होता. काही दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबले.

१९१९ साली केटेबाई प्रशियाच्या कला अकादमीवर निवडल्या गेल्या. एका स्त्रीसाठी हा मोठाच मान होता. पण त्याच वर्षी त्यांनी पेटरचे शिल्प बाजूला ठेवले. आपल्याला जे म्हणावयाचे आहे ते ह्या रूपात म्हणता येत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. मात्र आपण ह्या कामाकडे परत येऊ, असे त्यांनी मनोमन मुलाला वचन दिले.

मधल्या काळात त्यांनी लाकडावर कोरून युद्धाची सात चित्रे छापली. पहिल्या चित्रात एक आई डोळे मिटून आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे धरते आहे, जणू कोणाला तरी ते अर्पण करीत आहे. दुसऱ्यात मृत्यू नगारा वाजवीत पुढे निघाला असून तरुण मुले त्याच्यामागून ओढल्यासारखी चालली आहेत. सातही चित्रांत शत्रू कोठेच दिसत नाही. तोफ नाही, तलवार नाही, रणांगणही नाही. आई, बाप, विधवा, मुले. युद्धाने मागे ठेवलेली माणसे तेवढी आहेत.

ही चित्रे झाल्यावर जणू मनातली गाठ सुटली. पुन्हा हाती घेतलेल्या शिल्पाच्या नव्या आराखड्यात मुलाचा देह नव्हता. गुडघे टेकलेले आई-बाप फक्त उरले होते. थोर कार्यासाठी मरण पावलेला वीर दाखविण्याचा हट्ट सुटला, आणि त्याच्या जागी जे खरोखर शिल्लक होते ते आले. ह्या एका बदलाला दहा वर्षे लागली हे ऐकून नवल वाटेल. पण दगड फोडण्यापेक्षा आपली समजूत फोडणे अधिक कठीण असते, आणि केटेबाई घाई करून खोटे काम पुरे करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

जून १९२६ मध्ये पति-पत्नी प्रथमच बेल्जियममध्ये मुलाच्या थडग्यापाशी गेली. डिक्समाइडजवळ रोगेवेल्डे ह्या जागी, शेतांच्या मध्ये, लाकडी क्रुसांच्या ओळी होत्या. शोधता शोधता पेटरच्या नावाचा क्रूस सापडला. कुंपणाशी रानगुलाब फुलला होता. त्याची तीन लहान फुले खुडून त्यांनी क्रुसाजवळ मातीत खोवली. मग कलावंताच्या नजरेने केटेबाईंनी ती जागा न्याहाळली. मूर्ती कोठे शोभतील, त्यांनी कोणाकडे पाहावे, ह्याचा विचार केला. स्मारक आता एकट्या पेटरचे राहिले नव्हते. त्या दोन मूर्ती तेथे निजलेल्या सर्वच मुलांच्या आई-बापांच्या होणार होत्या.

आणखी पाच वर्षे काम चालले. वडिलांच्या मूर्तीला डॉक्टरांचा चेहरा आला, आईच्या मूर्तीला त्यांचा स्वतःचा. १९३१ साली प्लास्टरचे नमुने पुरे होऊन बर्लिनमध्ये प्रदर्शित झाले. त्यांवरून कसलेल्या पाथरवटांनी बेल्जियममधील ग्रॅनाइट दगडात मूर्ती कोरल्या. ग्रॅनाइट अतिशय कठीण असतो. त्यात नाजूक नक्षी चालत नाही, म्हणून ह्या मूर्तींच्या वस्त्रांना चुण्या नाहीत, केसांना बटा नाहीत. केवळ मोठे, भरीव, साधे आकार आहेत. दुःखाला ते साधेपण शोभून दिसते.

जुलै १९३२ मध्ये मूर्ती रोगेवेल्डेला पोहोचल्या. केटेबाई आणि डॉक्टर स्वतः तेथे हजर राहिले. मूर्ती बसविण्याचे कष्टाचे काम झाल्यावर दोघे थडग्यापासून मूर्तींकडे गेले. आईच्या मूर्तीसमोर केटेबाई थांबल्या. दगडात त्यांचाच चेहरा होता. त्यांना रडू कोसळले, आणि त्यांनी हात पुढे करून त्या दगडी गालांवरून मायेने फिरविला. डॉक्टर त्यांच्या अगदी मागे उभे होते. अठरा वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी ज्यांनी नाही म्हटले होते, त्यांनी पुढे त्याबद्दल काय म्हटले असेल हे रोजनिशीतल्या त्या पानावर नाही. ते पाठीशी उभे होते, हे मात्र आहे.

दुसऱ्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. तिला विरोध करणाऱ्या जाहीर पत्रकावर केटेबाईंची सही होती. त्यामुळे त्यांना अकादमी सोडावी लागली. त्यांची चित्रे प्रदर्शनांतून दिसेनाशी झाली, पोलिसांनी धमकावण्या दिल्या. तरी त्या देशातच राहिल्या आणि काम करीत राहिल्या. १९३७ साली पेटरच्या मृत्युदिनी त्या एका लहान मूर्तीवर काम करीत होत्या: वयस्क आई, आणि तिच्या गुडघ्यांमध्ये विसावलेला तिचा मोठा, मृत मुलगा. ह्याच मूर्तीची मोठी प्रतिकृती १९९३ सालापासून बर्लिनच्या राष्ट्रीय स्मारकात आहे.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० साली डॉक्टर वारले. केटेबाईंनी आपले अखेरचे शिलाछाप चित्र काढले. त्यात एका वृद्ध स्त्रीने पंखांसारखे हात पसरून दोनतीन मुलांना आपल्याखाली दडविले आहे; मुले खोडकर डोळ्यांनी बाहेर डोकावू पाहत आहेत आणि ती त्यांना जाऊ देत नाही. चित्राला त्यांनी नाव दिले ते बियाण्याच्या धान्याविषयीच्या त्याच वचनाचे. त्या वेळी थोरला मुलगा हान्स ह्याचा मुलगा सैन्यात रशियाच्या आघाडीवर होता. चुलत्याच्या आठवणीसाठी त्याचे नाव पेटर ठेवले होते. चित्र पुरे झाल्यावर काही महिन्यांनी, सप्टेंबर १९४२ मध्ये, तोही युद्धात पडला. ह्या वेळी आजीची संमती कोणी विचारलेली नव्हती.

१९४३ साली बाँबवर्षावात बर्लिनचे घर जळाले आणि त्याबरोबर त्यांचे पुष्कळसे काम नष्ट झाले. ड्रेस्डेनजवळ मोरिट्सबुर्ग येथे आश्रयास असताना २२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. युरोपातील युद्ध त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांत संपले.

बेल्जियममध्ये विखुरलेली लहान लहान जर्मन दफनस्थाने पुढे एकत्र करण्यात आली. १९५६ च्या सुमारास रोगेवेल्डे येथील मृतांचे अवशेष व्लाड्स्लोला हलविले गेले, आणि त्यांच्यामागून त्या दोन मूर्तीही तेथे आल्या. लाकडी क्रूस गेले, सपाट शिळा आल्या. मूर्तींच्या अगदी पुढ्यात जी शिळा आहे तिच्यावरील वीस नावांत एक नाव पेटर कोल्विट्स ह्याचे आहे. नावापुढे त्याचा दर्जा कोरला आहे: मस्केटियर, म्हणजे साधा शिपाई. शरद ऋतूत ओकची पाने गळून शिळा झाकल्या जातात. पाने बाजूला सारली की अक्षरे दिसतात. वडिलांची दृष्टी नेमकी त्याच शिळेवर पडते. आईची मान अजून खालीच आहे.